दोन टन चारशे

१९८० च्या दिवाळीत आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर साखरेचे तीन डबे होते. पहिल्यात रेशनची साखर, बारीक दाण्याची, कार्डावर मोजून मिळालेली. दुसऱ्यात आजोळहून आलेली. कारखान्याने सभासदांना दिवाळीनिमित्त सवलतीत दिलेली ती साखर टपोऱ्या दाण्याची होती, आणि अण्णांनी ती पिशवीत शिवून स्वतः एस.टी.तून आणली होती. तिसऱ्यात वाण्याकडची, खुल्या भावाची, पाहुण्यांच्या चहापुरती. आई रव्याच्या लाडवाला तिन्ही डब्यांतली साखर अंदाजाने मिसळायची. आजी म्हणायची, "मुंगीला काय कळतंय कोणती सरकारी अन् कोणती वाण्याची."

त्या तीन डब्यांमागे तीन म्हातारे होते. वडिलांचे वडील दादा, आईचे वडील अण्णा आणि आत्याचे सासरे बापू. भाऊबीजेला तिघेही आमच्या श्रीरामपूरच्या घरी जमायचे आणि फराळाचं ताट रिकामं व्हायच्या आत वाद सुरू व्हायचा. भांडवलशाही आणि समाजवाद हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते चकलीच्या कुडकुड आवाजात. दोन्ही शब्द त्यांच्या तोंडी क्वचितच असायचे. दादा म्हणायचे 'कंपनी', अण्णा म्हणायचे 'सहकार', आणि बापू नुसतंच म्हणायचे 'सरकार', तेही सुस्कारा टाकून.

दादा आणि अण्णा एकमेकांचे व्याही. त्यामुळे या वादाला एक कुंपण होतं. आवाज चढायला लागला की माझी आई बाहेर येऊन विचारायची, "चहा ठेवू का?" मुलीच्या सासऱ्याला किती बोलायचं हे अण्णांना कळायचं आणि सुनेच्या बापाला किती टोचायचं हे दादांना. दोघे एकमेकांना 'व्याही' म्हणायचे, 'अहो-जाहो' करायचे, आणि त्या अहो-जाहोतच जे काय चिमटे काढायचे ते काढायचे.

दादा मूळचे पारनेर तालुक्यातले. पाऊस पडला तर बाजरी, नाही तर नाही. अठराव्या वर्षी ते कालव्याच्या भागात आले आणि एका खासगी साखर कंपनीत चिकटले. आधी हजेरी मांडायला, पुढे वजनकाट्यावर कारकून म्हणून. तीस वर्षं त्यांनी तो काटा सांभाळला. कंपनीबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. पहाटेचा भोंगा, उसाच्या मळ्यातून धावणारी छोटी रेल्वे, कारखान्यातले विजेचे दिवे, क्वार्टरच्या दारापुढचा नळ. "आमच्या गावाला पिण्याचं पाणी नव्हतं," ते म्हणायचे, "अन् इथं साहेबाच्या बागेत गुलाबाला पाणी होतं. हे कुणी आणलं? मुंबईच्या पैशानं आणलं. ज्याचा पैसा बुडायची भीती, तोच रात्री उठून यंत्र बघायला येतो."

दादांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. आमच्या जिल्ह्यातला ऊस वाढला तो आधी कंपन्यांच्या जिवावर. हरेगावला बेलापूर कंपनी, टिळकनगरला डहाणूकरांची महाराष्ट्र शुगर मिल्स, शेजारच्या पुणे जिल्ह्यात नीरेच्या खोऱ्यात वालचंद हिराचंदांचं वालचंदनगर. १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने बाहेरच्या साखरेवर संरक्षक जकात बसवली, आणि देशात तिसाच्या आसपास असलेले कारखाने पाच वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. माळरानावर चिमण्या उभ्या राहिल्या, आणि दुष्काळी गावांतली पोरं भोंग्याच्या दिशेने चालत निघाली. त्यांतलेच एक दादा.

हा जकातीचा मुद्दा अण्णांना कुणी सांगितला होता कोण जाणे, पण त्यांनी तो पक्का धरून ठेवला होता. दादांनी कंपनीचं गुणगान संपवलं की ते लाडू मोडत शांतपणे म्हणायचे, "व्याही, तुमच्या कंपनीला दूध सरकारनंच पाजलं की. जावा बेटाची साखर बंदरात अडवली कुनी? भंडारदऱ्याचं धरन बांधलं कुनी? पानी सरकारचं, जकात सरकारची, अन् नफा तेवढा मुंबईचा."

भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं. प्रवरेचं पाणी कालव्यांनी खाली आलं आणि त्याबरोबर ऊस आला. पण उसाला पाण्याआधी पैसा लागतो. बेणं, खत, वर्षभराची मजुरी. लहान शेतकरी सावकाराकडून पैसे काढायचा, गुऱ्हाळात गूळ करायचा आणि अडत्याच्या दारात तो विकायचा. १९२९ नंतरच्या मंदीत गुळाचा भाव कोसळला आणि कर्ज जिथल्या तिथे राहिलं. हा सगळा मुलूख सावकाराच्या वहीने पोळलेला. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या ती आग इथलीच. अण्णांच्या आजोबांनी लहानपणी ती ऐकली होती, अण्णांनी ती त्यांच्याकडून ऐकली. सांगताना अण्णा 'दंगा' म्हणायचे नाहीत, 'वह्यांची होळी' म्हणायचे.

अण्णांची खरी गोष्ट मात्र लोणीची. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ मध्येच गावात सहकारी पतपेढी काढली होती. १९४५ च्या डिसेंबरात बेलापूर रोडला, म्हणजे आमच्या श्रीरामपूरला, कालव्यावरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. अण्णा तेव्हा विशीतले. वडिलांबरोबर बैलगाडीने आले होते. भाषणातलं फारसं काही कळलं नाही, असं ते प्रामाणिकपणे सांगायचे. "पन धोतर नेसलेला एवढा मोठा शिकलेला मानूस," ते म्हणायचे, "आपल्याला सांगतोय की तुमच्या उसाचा कारखाना तुम्हीच काढा. घरी येईस्तोवर माझा बाप एक शब्द बोलला न्हाई. अन् घरी आल्यावर म्हनला, येडे झालेत."

वेडेपणा असा की, कारखाना म्हणजे यंत्रं, यंत्रं म्हणजे लाखो रुपये, आणि शेतकऱ्यांकडे होतं ते कर्ज. विखे पाटील गावोगाव फिरून भाग गोळा करत होते. मुंबई सरकारात वैकुंठभाई मेहता मंत्री होते आणि सहकार हा त्यांच्या श्रद्धेचा विषय होता. सरकारने भागभांडवल दिलं, औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिलं, बाकीचं शेतकऱ्यांनी उभं केलं. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडली. गाडगीळ अध्यक्ष, विखे पाटील उपाध्यक्ष. अर्थशास्त्राचा प्राध्यापक साखर कारखान्याचा अध्यक्ष, हे त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. १९६१ मध्ये पंडित नेहरू प्रवरानगरला आले तेव्हा अण्णा पहाटे निघून तिथे गेले होते. नेहरू काय बोलले ते त्यांना आठवत नसे. आठवण एकच होती. गर्दीत त्यांची नवी चप्पल हरवली आणि ते अनवाणी घरी आले.

प्रवरेचं पाहून पुढे जिल्ह्यात एकामागून एक सहकारी कारखाने निघाले. त्यांपैकी एकाचे अण्णा सभासद झाले. भागाचा दाखला त्यांनी चौकटीत घालून विठोबाच्या तसबिरीशेजारी लावला होता. लहानपणी मला तो देवाचाच एखादा कागद वाटायचा. एका सभासदाला एकच मत, मग भाग कितीही असोत, ही गोष्ट ते बोट वर करून सांगायचे. "पाचशे एकरवाल्याला एक मत, मलाबी एकच. तुमच्या कंपनीत व्याही, तुम्हाला किती मतं होती?"

दादा म्हणायचे, "मला मत नव्हतं, पगार होता. दर महिन्याच्या सात तारखेला."

या दोघांच्या वादाची खरी गंमत कम्युनिस्टांवर आली की व्हायची. नगर जिल्ह्यात लाल बावट्याचं मोठं वजन होतं. संगमनेरचे भाऊसाहेब थोरात आणि श्रीरामपूरचे अण्णासाहेब शिंदे हे दोघेही ऐन उमेदीत कम्युनिस्ट होते. पुढे दोघेही सहकारात आले. थोरातांनी संगमनेरचा कारखाना उभा केला. शिंदे दिल्लीत जाऊन कृषी खात्याचे राज्यमंत्री झाले. दादा हे सांगताना मिशीत हसायचे. "मालक नको मालक नको म्हणत निघाले, अन् शेवटी चिमणी उभी केलीच की नाही?" अण्णांना यात हसण्यासारखं काही वाटत नसे. त्यांच्या मते लाल बावटा आणि साखरेची चिमणी या एकाच रस्त्यावरच्या दोन वस्त्या होत्या. मधे फक्त नदी होती, आणि सहकाराने त्या नदीवर पूल बांधला.

पण तो पूल अण्णांना कुठपर्यंत हवा होता, ते एका गोष्टीत दिसायचं. १९५५ मध्ये आवडीला काँग्रेसने 'समाजवादी धर्तीची समाजरचना' हे ध्येय ठरवलं आणि १९५९ मध्ये नागपूरला संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. बांध मोडायचे, जमीन एकत्र कसायची आणि पीक वाटून घ्यायचं. गावात कुणी तरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवलं, आणि पुढे नेहरूंसाठी चप्पल हरवून घेणारे आमचे अण्णा एकदम चौथरा सोडून उठले. "कारखाना सगळ्यांचा," ते म्हणाले, "पन बांध माझा." ही गोष्ट दादा दर दिवाळीला अण्णांना आठवण करून द्यायचे आणि दर वेळी अण्णा तितक्याच ठामपणे म्हणायचे, "मंग? चुकलं का काय?"

मोठेपणी मी अर्थशास्त्र शिकलो तेव्हा या एका वाक्याचा अर्थ लागला. आमच्या उसाच्या पट्ट्याने दोन्ही विचारांतलं आपल्या सोयीचं उचललं होतं. रान ज्याचं त्याचं, त्यातला घाम आणि फायदा ज्याचा त्याचा. गाळप मात्र सगळ्यांचं, कारण एकट्याच्या उसाला कारखाना परवडत नाही आणि तोडलेला ऊस घरात ठेवता येत नाही. ऊस तुटला की तासातासाला सुकतो, साखर उतरते, वजन घटतं. गहू घरात साठवून भाव बघता येतो. ऊस घेऊन कारखान्याच्या दाराशी उभा असलेला माणूस मिळेल तो भाव घेतो. म्हणून कारखाना त्याच माणसाचा असला पाहिजे, एवढं साधं ते गणित होतं. गाडगीळांनी त्याला मोठी मांडणी दिली. भांडवलशाही आणि सरकारी समाजवाद या दोहोंच्या मधे सहकारी समाज उभा राहू शकतो, असं ते मांडत आले. अण्णांना ती मांडणी वाचायची गरज पडली नाही. ते बांधावर उभे होते आणि तिथूनच त्यांना चिमणी दिसत होती.

या वादात बापू बहुधा गप्प असायचे. बापू खंडकरी. त्यांच्या वडिलांनी मंदीच्या काळात जमीन कंपनीला खंडाने दिली होती, लांब मुदतीच्या कराराने आणि नाममात्र रकमेवर. त्या काळात अशा हजारो एकर जमिनी कंपन्यांकडे गेल्या. आपल्याच जमिनीत रोजाने खुरपणी करणारी माणसं बापूंनी पाहिली होती. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांची ही जमीन सरकारकडे आली आणि १९६३ मध्ये ती कसायला शेती महामंडळ स्थापन झालं. मळे तेच, पाट तेच, मुकादमही पुष्कळसे तेच. फक्त कंपनीच्या जागी सरकार आलं.

"म्हणजे जमीन समाजाची झाली," कॉलेजात असताना मी एकदा मोठ्या उत्साहाने बापूंना म्हणालो. बापूंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "समाज म्हंजी कोन रे?" त्यांनी विचारलं. "मी समाजात येतो का न्हाई?"

खंडकऱ्यांचा जमीन परत मिळवण्याचा लढा पुढे अनेक वर्षं चालला, आणि त्याच्या आघाडीवर होते मनमाडचे कॉम्रेड माधवराव गायकवाड. कम्युनिस्ट पुढारी सरकारी शेतीतली जमीन मूळ शेतकऱ्याच्या नावावर परत करा म्हणून मोर्चा काढतो आणि साखरपट्ट्यातला शेतकरी लाल बावट्यामागे चालतो, हे पुस्तकात वाचलं असतं तर मला खरं वाटलं नसतं. दादा म्हणायचे, "बघा, कम्युनिस्टसुद्धा शेवटी सातबाराच मागतो." अण्णा म्हणायचे, "तो सातबारा न्हाई मागत, न्याय मागतो." २०१२ मध्ये जमिनींचं वाटप सुरू झालं तेव्हा बापू जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या नातवाला कागद मिळाला. त्याने तो बापूंच्या फोटोखाली दोन दिवस ठेवला आणि तिसऱ्या दिवशी बँकेत नेला.

१९८० च्या दिवाळीत वाद नेहमीपेक्षा जास्त पेटला होता, त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९७८ मध्ये, जनता सरकारने साखरेवरचं नियंत्रण पार उठवलं होतं. १९७७-७८ मध्ये देशात ६४ लाख टनांवर साखर झाली होती. गोदामं भरलेली, त्यात बाजार खुला झाला आणि भाव आपटला. कारखाने अडचणीत आले, उसाचे पैसे थकले, शेतकऱ्याने ऊस मोडून दुसरं पीक घेतलं. वरून १९७९ चा दुष्काळ. १९७९-८० मध्ये साखर ३९ लाख टनांच्याही खाली आली, भाव आभाळाला गेला आणि डिसेंबर १९७९ मध्ये नियंत्रण परत आलं. शंभर पोत्यांतली पासष्ट सरकारी भावाने रेशनला, म्हणजे लेव्हीत, आणि पस्तीस खुल्या बाजारात. आमच्या फळीवरच्या तीन डब्यांचा हिशोब हा होता.

"आधी पाडला, मंग चढवला," अण्णा म्हणाले. "ह्याला म्हन्तात तुमचा खुला बाजार."

"सोळा महिन्यांत काय होतंय?" दादा म्हणाले. "पोहायला शिकणाऱ्याला गटांगळी खाल्ली की लगेच वर ओढलं तर तो शिकणार कधी?"

त्यात भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी, १० नोव्हेंबरला, नाशिककडे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं रास्ता रोको सुरू झालं. कांद्याला भाव आणि उसाला टनाला तीनशे रुपये. रस्ते बंद झाले आणि अण्णांचा मुक्काम वाढला. त्यांची मोठी पंचाईत झाली. तीनशे रुपये त्यांनाही हवेच होते. पण शरद जोशी सांगत होते की सरकार मुद्दाम शेतमालाचे भाव पाडतं आणि शहरं पोसतं, नियंत्रणं आणि लेव्ही ही शेतकऱ्याची लूट आहे. म्हणजे दादा जे बोलत आले होते ते आता एक माणूस शेतकऱ्याच्या बाजूने बोलत होता. दादा दोन दिवस फार खुशीत होते. अण्णांनी शेवटी तोडगा काढला, "भाव त्यांचा घेऊ, कारखाना आपला ठेवू."

पण वाद संपला तो दिवाळीत संपला नाही. त्याच हंगामात संक्रांतीनंतर आम्ही आजोळी गेलो होतो. अण्णांच्या उसाला तोड आली होती. तोड येणं म्हणजे काय, हे ऊसवाल्यांनाच कळेल. कारखान्याचा चिटबॉय येऊन सांगतो, तोडकऱ्यांची टोळी येऊन पडते आणि मग तुमच्या रानाची पाळी. पाळी लवकर आली तर वजन आणि उशिरा आली तर तुरा फुटून ऊस पोकळ. ही पाळी कशी लागते यावर गावात दबक्या आवाजात पुष्कळ बोललं जायचं. निवडणुकीत कुणी कुणाच्या पॅनेलचं काम केलं, हेही त्यात यायचं. अण्णा हे बोलणं चालू झालं की विषय बदलायचे.

टोळी बीडकडची होती. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. माणसांची मोजदाद अशी हत्याराच्या नावाने होते, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत तोडायचं. रानाच्या कडेला पाचटाच्या कोप्या. टायरगाडी कारखान्याची, तिचं भाडं कापून जायचं. बैल त्यांचे. उसाचं वाढं विकून मिठामिरचीची सोय. पहाटे तीनला उठून ती बाई मोळ्या बांधायची आणि दुपारी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायची. तिचं नाव मला आठवत नाही. आम्ही तिला मावशी म्हणायचो. अण्णांच्या दृष्टीने ती टोळीतली बाई. दादांच्या दृष्टीने, त्या दिवसापर्यंत, तीही टोळीतली बाईच.

दादा काट्यावरचा माणूस. गाडी बघून वजन सांगायची त्यांना सवय होती, आम्हा नातवंडांपुढे ते ती कसब म्हणून मिरवायचे. चाक किती रुतलंय, बैल जूवाला कसा वाकतोय, मोळ्यांचे थर किती. त्या संध्याकाळी भरलेल्या गाडीभोवती त्यांनी फेरी मारली आणि थट्टेने मावशीला विचारलं, "काय गं बाई, किती भरेल?"

ती मोळीवर उभी होती. खाली न बघताच म्हणाली, "दोन टन चारशे."

दादांनी मिशीवरून हात फिरवला, पण स्वतःचा आकडा सांगितला नाही. अण्णांना आपल्या व्याह्यांना कारखाना दाखवायचाच होता, म्हणून आम्ही तिघे गाडीच्या मागोमाग निघालो. कारखान्याच्या फाटकापासून गाड्यांची रांग लागली होती. शेकोट्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, मळीचा आंबूस वास, आणि वर चिमणीतून उडणारी भुश्शाची काजळी. ती चादरीवर, भाकरीवर, सगळीकडे बसत होती. अण्णा अभिमानाने एकेक गोष्ट दाखवत होते. ही गव्हाण, हे बॉयलर, ही अध्यक्षांची केबिन. रात्री दहाच्या सुमारास गाडी काट्यावर चढली. भरलेल्या गाडीचं वजन झालं, ऊस गव्हाणीत पडला, रिकाम्या गाडीचं वजन झालं, खिडकीतून चिठ्ठी आली.

मावशीने ती चिठ्ठी माझ्या हातात दिली. "वाच रं बाळा."

मी निव्वळ वजन वाचलं. दोन टन दोनशे साठ.

ती "बरं" म्हणाली. चिठ्ठी घेऊन घडी केली आणि पदराच्या गाठीला बांधली. मग बैलांना पाणी पाजायला गेली. तिच्या जागी मी असतो तर भांडलो असतो, असं मला वाटलं. आता कळतं की कुणाशी भांडायचं हे तिला माहीत नव्हतं असं नाही, तर नीट माहीत होतं. खिडकीतला कारकून म्हणणार, पाचटाची घट धरलीय. मुकादम म्हणणार, उचल फेडायचीय ना? सभासद ती नव्हती, मत तिला नव्हतं, आणि तो कारखाना तिच्या जिल्ह्यातही नव्हता. दाद मागायला तिला दारच नव्हतं.

दादांना लहानपणी मी एकदा विचारलं होतं, कंपनीच्या काट्यावर कधी खोटं वजन व्हायचं का? ते रागावले होते. "माझ्या हातून एक शेर इकडचा तिकडे झाला नाही," असं म्हणाले होते. मग थोडं थांबून म्हणाले होते, "पाचटाची घट किती धरायची ते साहेब ठरवायचे. मी फक्त लिहायचो." तेव्हा मला त्यातलं पहिलंच वाक्य लक्षात राहिलं होतं.

आज त्या पट्ट्यात गेलं की चित्र फार बदललेलं दिसतं. १९९८ मध्ये साखर कारखान्याला परवाना लागेनासा झाला, २०१३ मध्ये लेव्ही गेली. कर्जात बुडालेले कितीतरी सहकारी कारखाने बँकांनी विकायला काढले आणि खासगी मालकांनी घेतले. राज्यातले जवळजवळ निम्मे कारखाने आता खासगी आहेत. म्हणजे फिरून दादांच्या कंपनीचे दिवस आले, असं कुणी म्हणेल. काटा इलेक्ट्रॉनिक झाला, आकडा लाल दिव्यांत उमटतो. शेतकरी संघटनांची काटामारीची तक्रार मात्र अजून त्याच शब्दात आहे. आणि ऊसतोडीच्या मोसमात बीड, पाथर्डीकडून निघालेले ट्रक रात्रीच्या रस्त्यावर दिसतात. त्यात कोप्यांचं सामान, शेळ्या आणि गोधडीत झोपलेली पोरं असतात. त्यांना कारखाना सहकारी आहे की खासगी, याने किती फरक पडतो, हे मी अजून कुणाला नीट सांगू शकलेलो नाही.

त्या रात्री आम्ही तिघे कालव्याच्या कडेने घरी निघालो. चांदणं होतं. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. वजन घटलं ते त्यांच्या उसाचंही घटलं होतं, पण त्याबद्दल बोलायचं तर विठोबाशेजारच्या चौकटीबद्दल बोलावं लागलं असतं. दादाही गप्प होते. मला वाटलं, आता ते म्हणतील, बघा व्याही, हा तुमचा सहकार. इतक्या वर्षांच्या वादात असा मोका त्यांना कधी मिळाला नव्हता.

पाटाच्या पुलावर दादा थांबले. बंडीच्या खिशातून चष्मा काढला, उगाच पुसला आणि परत ठेवला.

"दोन टन चारशेच होतं," ते म्हणाले.

अण्णांनी नुसती मान हलवली. नंतर घरापर्यंत दोघांपैकी कुणी बोललं नाही. दार उघडताना आजीने विचारलं, आज वाद नाही का झाला? आणि चुलीवर चहा ठेवला. साखर कोणत्या डब्यातली घातली ते मी पाहिलं नाही.